ड्रिल मशीन: बिट अडकण्याआधीची तयारी

ड्रिल मशीन हातात घेतल्यावर भीती वाटते ती फिरणाऱ्या बिटाची. मनगट मुरगळतं ते मात्र बहुतेकदा बिट फिरायचं थांबल्यावर. भोकात बिट अडकलं तरी मोटर जोर लावतच राहते. मग बिटाऐवजी मशीन फिरतं आणि धरणारा हातही त्याच्यासोबत पिळला जातो. १३ मिमी चकच्या (चक म्हणजे बिट पकडणारा मशीनचा पुढचा भाग) मशीनचा असा हिसका शिडीवरच्या माणसाचा तोल घालवायला पुरेसा आहे. म्हणून सोबत मिळालेलं साइड हँडल खोक्यात ठेवू नका, ते लावा आणि दोन्ही हातांनी धरा. ट्रिगरशेजारचं लॉक बटण हातात मशीन असताना दाबू नका. बोट सुटलं की मशीन बंद पडलंच पाहिजे.

बिट बदलताना आधी प्लग काढा, कॉर्डलेस असेल तर बॅटरी. बिटाचा दांडा चकमध्ये खोलवर घाला आणि तो तिन्ही जबड्यांच्या मधोमध आहे का ते नीट बघा. बारीक बिट दोन जबड्यांच्या फटीत बसतं आणि फिरताना भेलकांडतं. चकच्या चावीने त्याच्या तिन्ही भोकांतून आवळा. एकाच भोकातून आवळलं तर जोर आल्यावर बिट चकमध्येच घसरतं आणि दांड्यावर ओरखडे पडतात. चावी केबलला प्लगच्या अगदी जवळ बांधून ठेवा. म्हणजे ती वापरायला प्लग काढावाच लागतो आणि चकमध्ये विसरलेली चावी भिरकावली जात नाही.

डोळ्यांवर गॉगल हवाच, चष्मा पुरत नाही. भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये भोक पाडताना मास्क लावा. केस बांधा, ओढणी आणि सैल बाह्या आवरा. हातमोजेही नकोत, बिटात धागा गुंतला की बोट ओढलं जातं.

भिंतीत स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका. वायरिंग सहसा तिथूनच जातं. टोकाला कार्बाइड असलेलं बिट घ्या. सुरुवात हॅमर (फिरताना बिटाला ठोके देणारी सोय) बंद ठेवून, सावकाश. तीन-चार मिमी खळगा झाला की मशीन थांबवून हॅमर चालू करा. टाइल असेल तर ती पूर्ण पार होईपर्यंत हॅमर नकोच, नाहीतर टाइल तडकते. स्क्रूसाठी भिंतीत बसवायच्या ३० मिमी लांबीच्या प्लगला साधारण ३५ ते ४० मिमी खोली लागते. तेवढ्या मापावर बिटाला चिकटपट्टी गुंडाळा. मधूनमधून फिरतं बिट बाहेर काढून भुकटी झाडा. तुंबलेल्या भुकटीमुळेही बिट अडकतं. भुकटीत धातूचा चकचकीत कीस दिसला किंवा बिट पुढे सरकेनासं झालं, तर बहुधा काँक्रीटमधली सळई लागली आहे. रेटू नका, भोकाची जागा बदला.

पत्रा किंवा लोखंडी पट्टी हाताने धरून भोक पाडणं हा सर्वांत वाईट प्रकार. बिट अडकलं की पट्टी पात्यासारखी गरगरते. ती क्लॅम्पने बाकाला आवळा, खाली लाकडाचा तुकडा ठेवा, सेंटर पंचने (हातोडीने ठोकायची टोकदार कांडी) खूण करा. १० मिमी भोकासाठी आधी ३-४ मिमीचं पाडा, मग मोठं बिट कमी वेगाने चालवा आणि थेंबभर तेल सोडा. खरा धोका शेवटच्या मिलिमीटरला असतो: टोक पलीकडे निघताना बिटाची धार उरलेल्या कडेत रुतते. तिथे दाब जवळजवळ काढून घ्या आणि मशीन घट्ट धरून ठेवा.

तरीही अडकलंच, तर ट्रिगर सोडा, प्लग काढा आणि चक हाताने उलटं फिरवून बिट मोकळं करा. ट्रिगर पुन्हापुन्हा दाबून सोडवायला गेलात तर मोटर तापते, बिट तुटतं. धातूचा कीस ब्रशने झाडा, हाताने नको. आणि नुकतंच काढलेलं बिट बोटांनी उचलू नका, चटका बसतो.

एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही कापू नका.