नियम मे महिन्यात लिहा, भांडण झाल्यावर नाही

ऑक्टोबर २०१७ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचे सामने झाले आणि आमच्या सेक्टरमधल्या निम्म्या पोरांनी क्रिकेटची बॅट पलंगाखाली सरकवली. त्यानंतरच्या मे महिन्यात आमचा मुलांचा फुटबॉल क्लब सुरू झाला. आज ६२ मुलं आहेत, त्यात ११ मुली. दोन कोच आहेत, दोन हलवता येणारे गोलपोस्ट आहेत आणि मी आहे. माझा मुलगा खेळायचा म्हणून मी पाण्याच्या बाटल्या भरायला जायचे. तो दहावीला गेला, त्याचं फुटबॉल सुटलं, माझं काही सुटलं नाही. दिवसा पतपेढीत कर्जाच्या फायली बघते, संध्याकाळी क्लबची सेक्रेटरी. पोरं मला काकू म्हणतात, पालक ताई म्हणतात, आणि भांडायला आले की मॅडम.

पहिली काही वर्षं आमच्याकडे लेखी नियम एकही नव्हता. आपलीच तर मुलं आहेत, त्यात काय लिहायचं, असं सगळ्यांचंच म्हणणं. मग अकरा वर्षांखालच्या मुलांची एक स्पर्धा आली. सात-सात जणांचा खेळ, पंचवीस मिनिटांचे दोन हाफ. आम्ही १४ पोरं घेऊन गेलो आणि सरांनी जिंकायच्या नादात तीच सात जणं जवळजवळ शेवटपर्यंत ठेवली. शिट्टी झाल्यावर एक बाबा माझ्याकडे आले आणि मोबाइल पुढे केला. स्टॉपवॉच लावलं होतं त्यांनी. "ताई, चार मिनिटं दहा सेकंद. दोन महिने चिखल तुडवलाय पोरानं, आणि चार मिनिटं दहा सेकंद." सर म्हणाले, "अहो, मॅच जिंकायची होती ना?" दोघांचंही खरं होतं. कोणाला किती खेळवायचं हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

त्या रात्री मी घाईघाईत ग्रुपवर टाकलं: यापुढे सगळ्यांना समान वेळ. सकाळपर्यंत दुसऱ्या बाजूचे पालक पेटले. त्या अमक्यांच्या पोरासाठी नियम बदलला म्हणे. भांडणानंतर लिहिलेल्या नियमावर असं कोणाचं तरी नाव चिकटतंच, मग तुम्ही तो कितीही सरळ मनाने लिहिलेला असो.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. आम्ही आता मे महिन्यात बसतो. शाळा बंद असतात, निम्मे लोक गावाला गेलेले असतात, डोक्यावर स्पर्धा नसते. पाच जण पुरतात: दोन्ही कोच, मी आणि दोन पालक. त्या दोघांतला एक पालक सगळ्यात जास्त तक्रार करणारा निवडा. गंमत नाही करत. स्टॉपवॉचवाले बाबा आमच्या समितीत तीन वर्षं होते आणि सगळ्यात कडक कलमं त्यांनीच लिहिली.

लिहिताना एक सवय लावून घ्या. प्रत्येक ओळीत कोणी, कधी, काय करायचं आणि नाही केलं तर काय, एवढं आलंच पाहिजे. "सर्वांनी वेळेवर यावे" ही ओळ सोसायटीच्या नोटीस बोर्डावर शोभते. आमची ओळ अशी आहे: "साडेपाचच्या सरावाला मुलं ५.२० ला बूट बांधून रेषेवर असतील. ५.४० नंतर आलेलं मूल त्या दिवशी सराव करेल, पण शेवटच्या मॅचमध्ये बदली म्हणून उतरेल." शिक्षा लहान ठेवली आहे, कारण उशीर बहुतेक वेळा मुलाचा नसतो, रिक्षाचा किंवा आईच्या लोकलचा असतो.

खेळायच्या वेळेचा नियम लिहिण्याआधी कागदावर हिशोब करा, हे मात्र मी हात जोडून सांगते. सात खेळाडू गुणिले ५० मिनिटं म्हणजे ३५० मिनिटं, एवढीच वाटायची आहेत. १४ मुलं नेली तर प्रत्येकाला बरोबर २५, म्हणजे अर्धा सामना. पण गोलकीपर पूर्ण वेळ ठेवलात तर उरलेल्या १३ जणांत ३०० मिनिटं, म्हणजे २३. झाला वचनभंग, आणि तोही कोचची काही चूक नसताना. १२ मुलं नेली तर कीपर सोडून ११ जणांना सत्तावीस-सत्तावीस मिनिटं येतात, शिवाय कोणाचा पाय मुरगळला तरी निभतं. म्हणजे "प्रत्येकाला किमान अर्धा सामना" असं लिहिलं की टीम १२ चीच न्यायची, हेही त्याच ओळीत लिहावं लागतं. बेंचवरचं पोर वहीत दर पाच मिनिटांनी खेळणाऱ्यांच्या नावापुढे रेघ मारतं. वही सामन्यानंतर कोणीही बघावी. आता स्टॉपवॉच कोणी काढत नाही.

ही हमी तेरा वर्षांखालच्या गटांपर्यंतच आहे. त्यापुढे सर ठरवतील ते अंतिम, आणि ते तसंच्या तसं लिहिलंय. त्या गटात सरावाची हजेरी ७५ टक्के लागते, पण सहामाही, स्कॉलरशिपची परीक्षा आणि गणपतीला कोकणात गेलेले दिवस आधी कळवले असतील तर गैरहजेरीत धरत नाही. कोकणवाल्यांशी वाद घालून काही उपयोग नसतो.

वयाचा घोळही प्रवेशाच्या दिवशीच मिटवा. फुटबॉलमध्ये वयोगट साधारण १ जानेवारीपासून मोजतात, शाळेच्या इयत्तेवरून नाही. त्यामुळे एकाच बाकावर बसणारे दोन मित्र वेगळ्या गटात जातात आणि घरी रडारड होते. जन्मदाखला बघा, झेरॉक्स फायलीला लावा, गट तिथल्या तिथे सांगा.

आता पैसे. इथे चूक माझी आहे. एका वर्षी फी थकली म्हणून मी आठ नावांची यादी ग्रुपवर टाकली. पतपेढीत थकबाकीदारांच्या याद्या करून करून हात तसाच वळला. त्यातलं एक पोर करावे गावातलं, डावखुरं, चेंडू पायाला चिकटल्यासारखा. दुसऱ्या दिवसापासून ते आलं नाही. आठवड्याने त्याची आई मला बाजारात भेटली. "पैसे देणारच होतो की ताई, नाव कशाला लिवलं?" ती एवढंच म्हणाली आणि कोथिंबीर निवडत राहिली. पोर परत आलं नाही ते नाहीच. आमच्या कागदावर आता आहे: फीबद्दल बोलणं फक्त पालकाशी, फोनवर, आणि फक्त सेक्रेटरीने. मुलाला त्याबद्दल कोणी विचारणार नाही, फीसाठी मुलाला बाहेर बसवणार नाही. दर वर्षी चार जागा बिनफीच्या असतात आणि त्या कोणाच्या, हे दोनच माणसांना माहीत असतं.

फी परत मिळणार की नाही हेही आधीच सांगून टाका. नवरात्रात आमचं मैदान गरब्याला जातं. मांडव उतरतो, खड्डे आणि खिळे मागे राहतात. ते दिवस सराव बंद. पैसे परत नाहीत, त्याऐवजी दोन रविवार भाड्याच्या टर्फवर. सुरू करण्याआधी मोठी माणसं रांगेत मैदानभर चालून खिळे वेचतात, खड्डे बुजवतात. पावसात सराव चालू राहतो, विजेत नाही. वीज चमकल्यावर आकडे मोजायचे. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर सगळे पक्क्या इमारतीत, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी मैदानात पाय ठेवायचा नाही. दर गडगडाटाला घड्याळ पुन्हा शून्यापासून. जुलैमध्ये पोरं वैतागतात. वैतागू देत.

न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांवर आम्ही आधी १०० रुपये दंड लावला होता. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला! पूर्वी धावत येऊन सॉरी म्हणणारे लोक आता पाऊण तासाने यायचे आणि शंभराची नोट पुढे करायचे. पाळणाघरापेक्षा स्वस्त पडत होतं त्यांना. मग दंड काढला आणि लिहिलं की सव्वासातनंतर येणारा पालक पुढच्या सरावाला शेवटचं मूल जाईपर्यंत कोचसोबत थांबेल. पैसे सगळ्यांकडे असतात, वेळ नसतो. दोन महिन्यांत गेटवर सात वाजता गर्दी व्हायला लागली.

शेवटच्या मुलासोबत कायम दोन मोठी माणसं, एकटा कोच कधीच नाही, हा नियम मात्र त्याहून जुना आणि त्याला अपवाद नाही. मुलांच्या सुरक्षिततेची ओळ गुळमुळीत लिहू नका. आमच्याकडे कोच मुलाला खाजगी मेसेज करत नाही, ग्रुपवर पालकांसमोरच बोलतो. एकट्या मुलाला गाडीवरून घरी सोडत नाही. तक्रार कोणाकडे करायची त्या दोन जणांचे नंबर कागदावर आहेत, त्यातली एक बाई. लैंगिक छळाचा संशय आला तर क्लब स्वतः चौकशी करत बसत नाही, थेट पोलिसांना कळवतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते बंधनकारकच आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरात छापलाय. हे पहिल्यांदा वाचून दाखवताना माझा आवाज बसला होता. तरीही हे वाचूनच दाखवायचं, कागद हातात देऊन मोकळं व्हायचं नाही.

डोक्याला मार लागला तर मूल त्या दिवशी परत मैदानात जात नाही, मग ते कितीही "बरा आहे सर" म्हणो. परतताना डॉक्टरची चिठ्ठी. दहा वर्षांखालच्यांना आम्ही हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, शिकवत नाही. अमेरिकेत २०१५ पासून या वयाला हेडिंग बंद आहे आणि इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात ते २०२० पासून शिकवत नाहीत. नडगीवर शिनगार्ड बांधल्याशिवाय खेळ नाही. कडं, कानातलं काढूनच उतरायचं. पट्टी लावून झाकलं तरी फुटबॉलच्या नियमात बसत नाही. गोलपोस्टला लटकायचं नाही, आणि मागच्या दांडीवर वाळूच्या पिशव्या ठेवल्याशिवाय सराव सुरू होत नाही.

सगळ्यात अवघड कलम रेषेबाहेरच्या आवाजाचं. एकदा मी मुद्दाम चेंडू न बघता एका नऊ वर्षांच्या पोराकडे बघत राहिले. चेंडू पायाशी आला की ते मान वळवून वडिलांकडे बघायचं. वडील ओरडायचे "मार!", पलीकडून सर "थांबव!", मामा "पास दे रे!" तोवर चेंडू दुसऱ्याच्या पायात गेलेला. पोर रिकाम्या जागेकडे बघत उभं. आमची ओळ: "पालक मैदानाच्या समोरच्या बाजूला उभे राहतील. टाळ्या चालतील, नाव घेऊन शाबासकी चालेल, सूचना नाहीत. एकदा आठवण देऊ; दुसऱ्यांदा त्या सामन्यापुरतं गेटबाहेर वडापावच्या गाडीपाशी." पंचाला आणि समोरच्या टीमच्या मुलांना काही बोललं तर पहिल्याच वेळी गाडीपाशी.

नियम लागू झाल्यावर पहिला गाडीपाशी गेलेला माणूस म्हणजे माझे यजमान. भाच्याची मॅच होती, राहवलं नाही. मी शिट्टीवाल्या सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे. मीच हात करून गेट दाखवलं. घरी दोन दिवस अबोला होता, पण त्या एका दुपारने जे झालं ते वीस मीटिंगांनी झालं नसतं.

कागद एकाच पानाचा ठेवा, पाठपोट. आमच्याकडे मल्याळी, पंजाबी घरं बरीच आहेत, म्हणून मराठीसोबत हिंदीत. जूनच्या पहिल्या रविवारी पालक आणि मुलं दोघांना बसवून वाचतो, प्रश्न घेतो, मग सह्या. सही न करणाऱ्याचा प्रवेश थांबतो. मुलांची पाच कलमं मुलांनाच लिहायला दिली होती. त्यातलं एक मला सुचलं नसतं: "कोणी गोल चुकवला तर हसायचं नाही, बसमध्येपण नाही." एक प्रत लॅमिनेट करून चेंडूंच्या पिशवीत ठेवली आहे. वाद सुरू झाल्यावर ग्रुपवर मागे मागे जाऊन मेसेज शोधण्याइतकं डोकं कोणाचं शांत नसतं.

हंगामाच्या मध्ये नियम बदलायचा नाही. कोणाला काही खटकलं तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचं, मे महिन्यात बघू. यंदा त्या पानावर सगळ्यात वर एका मुलीच्या आईचं अक्षर आहे: मुलींना कपडे बदलायला जागा नाही. दोन वर्षं आम्ही त्यावर "बघू" म्हणालो. ती ओळ लिहायची तर शेजारच्या सोसायटीचं ऑफिस मिळतंय का बघायला हवं, किल्ली कोणाकडे राहील आणि दाराशी कोण थांबेल हे ठरवायला हवं. त्यांच्या सेक्रेटरींना रविवारी सकाळी अकराला भेटायचं ठरलंय. स्टॉपवॉचवाले बाबा सोबत येतायत.