सेमिनरी सुटल्यावर संबंध कसे टिकवावेत: ठाणे-नवी मुंबईतल्या लुथरन पदवीधरांसाठी

सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशास्त्र कॉलेजच्या, प्रत्येक तुकडीचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप असतोच. वर्षभरात तिथे सुप्रभातची फुलं, वाढदिवसाचे केक आणि श्रद्धांजल्या एवढंच उरतं. ‘ग्रुपवर सक्रिय राहा’ हा सल्ला म्हणूनच कुचकामी आहे. सेमिनरीशी नातं कामामुळे टिकतं: एखादा शास्त्रपाठ (उपासनेत वाचायचा बायबलमधला उतारा) एकत्र वाचणं, एखादा विद्यार्थी इथे सांभाळणं, एखादा प्रश्न शिक्षकांपर्यंत नेणं. शुभेच्छा देऊन ते टिकत नाही.

आपली अडचण अंतराची आहे. चेन्नईत किल्पॉकचं गुरुकुल, रांचीचं गॉस्नर थिऑलॉजिकल कॉलेज, नागरकोईलची कॉन्कॉर्डिया, सगळीच इथून लांब. शिवाय महाराष्ट्रात लुथरन मंडळ्या मोजक्या आणि त्यातही तमिळ, तेलुगू उपासनेच्या जास्त. त्यामुळे इथला मराठी पदवीधर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात किंवा मेथडिस्ट मंडळीत पाळक असतो, नाहीतर रुग्णालयात, शाळेत, संस्थेत नोकरीला असतो. आपण आता लुथरन मंडळीत नाही म्हणून सेमिनरीला तोंड दाखवायला संकोचणारे बरेच भेटतात. तो संकोच सोडा. गुरुकुलमध्ये वेगवेगळ्या मंडळ्यांची मुलं एकत्र शिकत आली आहेत.

पहिल्या महिन्यातली कामं

कॉलेजचा ईमेल बंद होण्याआधी प्रबंध, टिपणं आणि संपर्क उतरवून घ्या. नवा पत्ता, कायमचा ईमेल आणि सेवेचं ठिकाण कार्यालयाला लेखी कळवा. पदवी सेरामपूर सिनेट (अनेक सेमिनऱ्या जिच्याशी संलग्न आहेत ती विद्यापीठासारखी संस्था) देते, सेमिनरी नव्हे. म्हणून सिनेटचा नोंदणी क्रमांक गुणपत्रिकांसोबत स्कॅन करून ठेवा. बदली झाली की पत्ता पुन्हा कळवा. यापलीकडे या टप्प्यात काही नाही.

शिक्षकांना पत्र

वर्षातून दोनदा पुरे, एक आगमनकाळाआधी (नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा काळ) आणि एक ईस्टरनंतर. दीडशे-दोनशे शब्दांत लिहा. ‘आपल्या आशीर्वादाने सर्व ठीक’ अशा पत्राला उत्तर काय देणार? त्याऐवजी नेमकं लिहा: कोणत्या उताऱ्यावर संदेश दिला, कुठे अडलं, मंडळीतून कोणता प्रश्न आला, कोणतं पुस्तक हवं आहे. एका पत्रात एकच प्रश्न.

शिफारसपत्र मागायचं असेल तर किमान चार आठवडे आधी मागा. सोबत अर्जाचा नमुना, शेवटची तारीख, स्वतःचा परिचय आणि गेल्या काही वर्षांत काय केलं याच्या पाच ओळी जोडा. ज्यांनी तुम्हाला कधी शिकवलंच नाही अशा प्राचार्यांपेक्षा तुमचा प्रबंध तपासलेल्या शिक्षकांचं पत्र जास्त कामाचं, कारण त्यात तुमच्याविषयी सांगण्यासारखं काहीतरी असतं.

वाचनमंडळ: सगळा जोर इथे लावा

ठाणे-नवी मुंबईतल्या पदवीधरांनी महिन्यातून एकदा समोरासमोर बसून पुढच्या चार रविवारांचे शास्त्रपाठ वाचायचे, एवढंच हे मंडळ. ऐकायला सोपं वाटतं, पण अशी मंडळं सुरू होतात तितक्याच लवकर बंद पडतात, आणि कारणं बहुतेक वेळा तीच ती असतात.

पहिलं कारण वार. रविवारी संध्याकाळी भेटू असं ठरवणारे स्वतःची फसवणूक करतात. सकाळी एका ठिकाणी उपासना, दुपारी दुसऱ्या ठिकाणी, त्यात रविवारी मेगाब्लॉक. शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी घरगुती प्रार्थनासभा असतात. उरतो सोमवार. तोही महिन्याचा दुसरा सोमवार घ्या. पहिल्या रविवारी बऱ्याच मंडळ्यांत प्रभुभोजन असतं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या अंगात त्राण नसतं. वेळ सकाळी साडेदहा, म्हणजे लोकलची गर्दी ओसरलेली असते. डिसेंबर, पवित्र सप्ताहाचा (ईस्टरआधीच्या आठवड्याचा) महिना आणि मे सोडून द्या. नऊ बैठका झाल्या तरी वर्ष भरलं.

दुसरं कारण जागा. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथची माणसं मध्य रेल्वेने येतात, पनवेल, नेरुळ, वाशीची ट्रान्स-हार्बरने. दोन्ही मार्ग ठाण्याला मिळतात, म्हणून जागा ठाणे स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत हवी. नवी मुंबईची माणसं जास्त असतील तर ऐरोली चालेल. घोडबंदर रोडवरचा सभागृह कितीही प्रशस्त असो, घेऊ नका. लोकलला लागला त्याहून जास्त वेळ स्टेशनबाहेरच्या रिक्षात जातो आणि तिसऱ्या महिन्यात पनवेलची माणसं यायची थांबतात. आळीपाळीने एकमेकांच्या घरी भेटण्याची कल्पनाही गोड वाटते तेवढीच. दर वेळी पत्ता नवा, आणि घरच्या बाईवर स्वयंपाकाचा भार. चर्चची किंवा शाळेची एक खोली वर्षभरासाठी मागून घ्या आणि विजेसाठी ठरावीक रक्कम न मागता द्या.

जेवणाविषयी नियम कडक ठेवा: मंडळाचा फक्त चहा, डबा ज्याचा त्याने आणायचा. एकाने बिर्याणी केली की पुढच्याला त्याहून सरस काहीतरी करावं लागतं, आणि ज्याला परवडत नाही तो पाळी आली की आजारी पडतो.

माणसं चार ते आठ. नऊ झाली की दोन गट करा, नाहीतर दोघे बोलतात आणि सात जण माना डोलावतात. निमंत्रण फक्त दीक्षित पाळकांना देऊ नका. पदवी घेऊन नोकरी करणाऱ्यांत स्त्रिया बऱ्याच असतात आणि ‘पाळकांची बैठक’ हे नाव वाचून त्या येत नाहीत. त्यांना सोमवार जमत नसेल तर दर तिसरी बैठक शनिवारी दुपारी ठेवा. निमंत्रक सहा महिन्यांनी बदला.

आता शास्त्रपाठ कोणते, हा प्रश्न. प्रत्येक मंडळीची पाठावली, म्हणजे कोणत्या रविवारी कोणता उतारा वाचायचा याची यादी, वेगळी असू शकते. वाद न घालता एक आधार धरा. सुधारित सामायिक पाठावली तीन वर्षांच्या चक्रात चालते: पहिलं वर्ष मत्तयाचं, दुसरं मार्काचं, तिसरं लूकचं, आणि योहान तिन्हींत विखुरलेला. कोणतं वर्ष चालू आहे हे ओळखायला इसवी सनाला तीनने भागा. बाकी एक राहिली तर मत्तय, दोन राहिली तर मार्क, काहीच राहिली नाही तर लूक. २०२६ ला बाकी एक, म्हणून मत्तय. मात्र वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं, एक जानेवारीला नाही. नोव्हेंबरच्या बैठकीत हमखास गोंधळ होतो तो इथेच. ज्यांच्या मंडळीत वेगळे पाठ चालतात त्यांनी आपला उतारा आठवडाभर आधी कळवावा. एका बैठकीत असा एक जादा उतारा बसतो, दोन बसत नाहीत.

बैठक अडीच तासांची. पहिली वीस मिनिटं उतारे मोठ्याने वाचा, प्रत्येकाने आपल्या उपासनेच्या भाषेत: मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी. शिक्षण इंग्रजीत झालेलं असतं आणि संदेश मातृभाषेत द्यायचा असतो. ही उडी इथेच घ्यायची. नंतर अर्धा तास मूळ ग्रीक किंवा हिब्रूवर. एकाने तयारी करून यायचं आणि जास्तीत जास्त तीन शब्दांवर बोलायचं. मग तासभर संदेशाच्या दिशेवर. इथे लुथरन घराण्यातला जुना प्रश्न विचारा: या उताऱ्यात नियम (देव काय मागतो) कुठे बोलतो आणि शुभवर्तमान (देव काय देतो) कुठे? मेथडिस्ट मित्र यावर हसतात, पण हा प्रश्न न विचारता तयार झालेला संदेश बहुधा ‘चांगले वागा’वर संपतो. उरलेला वेळ एकमेकांसाठी प्रार्थना, मग डबे.

बोलण्याचा क्रम ठरवून घ्या: वयाने आणि सेवेने सर्वांत लहान असेल त्याने आधी, ज्येष्ठांनी शेवटी. आपल्याकडे रेव्हरंडसाहेब एकदा बोलले की धाकट्याचं तोंड बंद होतं, आणि मंडळाला नवं रक्त मिळणं थांबतं. ज्येष्ठांना हे निमंत्रकाने आधीच फोनवर नम्रपणे सांगावं. भर बैठकीत सांगू नये.

मंडळ मोडण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र वेगळं आहे: चर्चमधलं राजकारण. बदल्या, सिनडच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या सभेच्या) निवडणुका, कोर्टातली प्रकरणं, कोणाला कोणती जागा मिळाली. एकदा हा विषय निघाला की शास्त्रपाठ बाजूला पडतो, आणि पुढच्या महिन्यात विरुद्ध गटाचा माणूस येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा: खोलीत निवडणूक नाही, उमेदवार नाही, सह्यांचा कागद नाही. डबे संपवून स्टेशनकडे चालताना ज्याला जे बोलायचं ते बोलू द्या. मंडळाची अशी भाबडी अपेक्षा नको की माणसं राजकारण सोडतील. ते फक्त अडीच तास दाराबाहेर राहिलं पाहिजे.

याला जोडून गुप्तता. मंडळीतली एखादी अडचण सांगताना नाव, इमारत, आजार यांतलं काही सांगायचं नाही. ठाणे-नवी मुंबईचं ख्रिस्ती जग लहान आहे. ‘कोपरखैरण्याचं एक कुटुंब’ एवढ्यावर ओळख पटते. कबुलीत ऐकलेलं तर अजिबात नाही, नाव झाकूनसुद्धा नाही. बैठकीचा वृत्तांत ग्रुपवर टाकू नका, फक्त पुढची तारीख आणि उतारे टाका.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टच्या बैठकीसाठी निर्णयाची वेळ ठरवा: सकाळी सातला निमंत्रक लोकलची स्थिती पाहून कळवेल, प्रत्यक्ष की फोनवर. फोनवरची बैठक एक तासाच्या वर नेऊ नका.

या सगळ्याचा सेमिनरीशी संबंध काय? तर मंडळात न सुटलेला एक प्रश्न निवडून त्या विषयाच्या शिक्षकांना पाठवा, आणि तीन महिन्यांतून एकदा त्यांना चाळीस मिनिटांसाठी ऑनलाइन बोलवा. प्रश्न आठवडाभर आधी द्या. ‘सर, काहीतरी मार्गदर्शन करा’ असं बोलावणं आलं की शिक्षक जुनं व्याख्यान काढतात. ‘मजुरांच्या दृष्टान्तातला एक दिनार नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मंडळीला कसा सांगायचा?’ असं विचारलं तर तेही तयारीने येतात, आणि ठाण्यातला हा प्रश्न पुढे त्यांच्या वर्गात निघतो.

विद्यार्थी इथे घेणं

सेमिनरीला पदवीधरांकडून पैशांहून जास्त गरज असते ती क्षेत्रकार्यासाठी चांगल्या ठिकाणांची. उन्हाळ्यासाठी विद्यार्थी हवा असेल तर जानेवारीतच लिहा. पत्रात पाच गोष्टी द्या: राहण्याची जागा, जेवणाची सोय, कामाच्या भाषा, देखरेख कोण करणार, आठवड्याचं वेळापत्रक. विद्यार्थिनी असेल तर राहण्याची जागा आधी एखाद्या स्त्रीने पाहून यावी. लोकलचा मासिक पास तुम्ही काढून द्या. दर सोमवारी एक तास त्याच्या कामावर बसून बोला. हा तास चुकला की विद्यार्थी खुर्च्या लावणारा पोऱ्या होतो. मुलांसोबत काम असेल तर सोबत कायम दुसरा प्रौढ हवा.

पैसे

विद्यार्थी मदतनिधीसाठी निमंत्रकाच्या खात्यावर यूपीआयने वर्गणी गोळा करू नका. हिशेब कितीही चोख असला तरी दोन वर्षांनी संशय येतो. ज्याने त्याने थेट सेमिनरीच्या खात्यात भरावं, हेतू लिहावा, पावती घ्यावी. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला करवजावट मिळत नाही, म्हणून बँकेतूनच द्या.

परदेशातल्या वर्गमित्रांचे पैसे हा नाजूक भाग. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे मात्र विदेशी देणगीच, मग तो जन्माने ठाण्याचा असो. ते फक्त एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेने, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यायचे असतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते एका संस्थेकडून दुसरीकडे वळवताही येत नाहीत. ‘माझ्या खात्यावर टाक, मी पुढे देतो’ हे मैत्रीतसुद्धा करू नका.

प्रत्यक्ष भेट

दोन-तीन वर्षांतून एकदा जा, पण दीक्षान्ताच्या आठवड्यात नको. खोल्या पालकांनी भरलेल्या असतात आणि शिक्षकांना दोन मिनिटं मिळत नाहीत. सत्राच्या मध्यातला साधा आठवडा निवडा, मंगळवार ते गुरुवार: सकाळची उपासना, एखादा वर्ग, दुपारी ग्रंथालय, संध्याकाळी विद्यार्थ्यांबरोबर जेवण. आपल्या मंडळीच्या भाषेत शिकणारी मुलं कोण आहेत ते विचारा आणि त्यांना ठाण्याचा फोन नंबर द्या. खोलीसाठी कार्यालयाला महिनाभर आधी लिहा, ग्रंथालयात हव्या असलेल्या प्रबंधांची यादी सोबत पाठवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि चेन्नईच्या गाड्या लवकर भरतात, तेव्हा उघडल्या दिवशीच काढा. प्रवास साधारण एका दिवसाचा. बहुतेक गाड्या कल्याणवरून जातात. नवी मुंबईच्यांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलावी आणि सामान असेल तर तासभर हातात ठेवून निघावं.