मूक लिलाव : बोलीपत्रकापाशी होणाऱ्या या चुका टाळा

निधी उभारण्याच्या कार्यक्रमात होणाऱ्या मूक लिलावात ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणणारं कोणी नसतं. टेबलावर वस्तू, शेजारी बोलीपत्रक. ज्याला हवी तो आधीच्या आकड्यापेक्षा मोठा आकडा आणि आयोजकांनी दिलेला आपला बोली-क्रमांक लिहितो. वेळ संपली की सगळ्यात वरची बोली जिंकते. पुकारणाऱ्याचं काम इथे त्या कागदालाच करायचं असतं, म्हणून बहुतेक गोंधळ कागदापाशीच होतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे बोलीची पायरी, म्हणजे प्रत्येक नवी बोली आधीच्यापेक्षा कितीने वाढायची तो आकडा, अंदाजाने ठरवणं. समजा वस्तूचा बाजारभाव 10,000 आहे, बोली 4,000 पासून सुरू होते आणि पत्रकावर 20 ओळी आहेत. पायरी 100 ची ठेवली तर विसाव्या ओळीला आकडा जेमतेम 5,900. कागद भरला, लोक कंटाळले आणि वस्तू जवळजवळ अर्ध्या किमतीत गेली. 500 ची पायरी असती तर तेराव्या ओळीलाच बाजारभाव गाठला असता. उलट 2,000 ची ठेवली तर दुसऱ्या-तिसऱ्या बोलीलाच लोक मागे सरतात. सुरुवात बाजारभावाच्या 30 ते 50 टक्के आणि पायरी 5 ते 10 टक्के, हा हिशेब सहसा जमतो. आकडे आधीच छापून ठेवा, म्हणजे समोरच्याला फक्त क्रमांक लिहायचा उरतो. ‘5,000’ की ‘6,000’ असा वादही होत नाही.

‘किंमत : अनमोल’ असं लिहू नका. वाचणाऱ्याला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही आणि तो पुढच्या टेबलाकडे जातो. वस्तूंची गर्दीही नको. दोन पाहुण्यांमागे एक वस्तू पुरते. बोली लावणारे कमी आणि वस्तू जास्त झाल्या की चढाओढच होत नाही, आणि निधी उभा राहतो तो चढाओढीतून.

आता शेवटची दहा मिनिटं. सगळी टेबलं एकदम बंद करणं, तेही भाषण चालू असताना, ही चूक फार ठिकाणी दिसते. लोक खुर्चीत अडकलेले असतात आणि पत्रकं तशीच पडून राहतात. टेबलं टप्प्याटप्प्याने बंद करा. दहा, पाच आणि एक मिनिट उरलं की मोठ्याने सांगा. प्रत्येक टेबलापाशी एक कार्यकर्ता उभा करा. वेळ संपताक्षणी त्याने शेवटच्या बोलीखाली रेघ मारून पेन उचलायचं. ही एक रेघ नसली की ‘माझा हात आधी होता’ म्हणणारे दोघे उभे राहतात आणि ज्यांना दुखवायचं नाही अशा दोन देणगीदारांपैकी एक दुखावतोच. मोबाइलवरून बोली असेल तर अखेरच्या क्षणी बोली आल्यास एक-दोन मिनिटं आपोआप वाढतील, अशी सोय ठेवा.

अर्धा वेळ गेला तरी एखाद्या पत्रकावर एकही आकडा नसेल, तर सुरुवातीची किंमत गुपचूप खोडू नका, विश्वास जातो. वस्तू दर्शनी जागी हलवा, तिच्याबद्दल माइकवर दोन वाक्यं बोला. पहिली बोली पडली की दुसरी यायला फार वेळ लागत नाही.

बोली लावणाऱ्यांचं म्हणाल तर, अटी न वाचणं ही मोठी चूक. हॉटेलातला मुक्काम जिंकला, पण सुट्टीच्या दिवसांत तो चालत नाही आणि मुदतही जवळ आली आहे, हे नंतर कळून उपयोग नाही. तीन-चार पत्रकांवर क्रमांक टाकताना सगळ्या वस्तू आपल्यालाच मिळाल्या तर एकूण किती होतील, ते आधी मनात मोजा. लिहिलेली बोली म्हणजे दिलेला शब्द असतो. आपली कमाल रक्कम टेबलापाशी जाण्याआधी ठरवा. मोबाइलवर ती आधीच भरून ठेवता येत असेल, तर यंत्रणा गरजेपुरतीच एकेक पायरी चढते आणि तुम्हाला सतत फोनकडे पाहावं लागत नाही.

आणि आयोजकांनो, पत्रकं गोळा झाली की लगेच फाडू नका. जिंकणारा पैसे न भरताच निघून गेला, तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला त्याच रात्री फोन करावा लागतो. त्याचा बोली-क्रमांक त्याच कागदावर असतो.