ठरावीक मजकूर असलेल्या फाइल टर्मिनलवरून शोधून कशा पुसाव्यात

समजा, सावद्याच्या एका केळी खरेदी केंद्रात नवा वजनकाटा बसला. काटा बरोबर चालतो का हे बघायला पहिले काही दिवस चाचणीच्या पावत्या काढल्या गेल्या आणि त्या कॉम्प्युटरवर खऱ्या काटा पावत्यांमध्येच मिसळल्या. 'पावत्या' या मुख्य फोल्डरमध्ये रावेर, सावदा, फैजपूर असे गाववार फोल्डर आहेत आणि प्रत्येकात रोजच्या तारखेच्या फाइल. एकेक उघडून बघायला हंगाम पुरणार नाही. उबुंटूसारख्या लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मात्र हे थोड्या वेळात होतं.

इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना कमांड आणि त्यांचे पर्याय इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. फक्त एफ आणि झेड मोठ्या लिपीत आणि शून्य इंग्रजी आकड्यात. फाइल-फोल्डरची नावं आणि शोधायचा मजकूर मराठीतच राहू द्या.

सगळ्यात आधी पूर्ण फोल्डरची प्रत काढा:

सीपी -ए पावत्या पावत्या-प्रत

ही पायरी गाळू नका. टर्मिनलवरून पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती थेट जाते.

आता शोध. त्यासाठी १९७३ पासून युनिक्समध्ये असलेली ग्रेप (जी-आर-ई-पी) ही कमांड:

ग्रेप -आर -एल -एफ 'चाचणी' पावत्या

'आर'मुळे आतले सगळे फोल्डर धुंडाळले जातात आणि 'एल'मुळे फक्त फाइलची नावं दिसतात. 'एफ' सांगतो की मजकूर जसाच्या तसा शोध. तो नसेल तर टिंब म्हणजे 'कुठलंही एक अक्षर' असा अर्थ लागतो आणि 'रु.' शोधताना भलत्याच फाइल हाती येतात.

यादी आली की लगेच पुढे जाऊ नका. 'एल' काढून त्याजागी 'एन' टाका, म्हणजे सापडलेली ओळ तिच्या क्रमांकासह दिसेल. ती वाचा. एखाद्या बागायतदाराच्या फाइलमध्ये 'माती चाचणी अहवाल जोडला' अशी नोंद असेल, तर तीही या जाळ्यात आलेली असते, आणि ती पुसली तर त्याचा हिशेबच गेला. म्हणून शोधाचा मजकूर नेमका करा: 'चाचणी पावती'. अवतरण चिन्हं हवीतच, नाहीतर दुसरा शब्द फाइलचं नाव समजला जातो.

मराठी मजकुराची एक अडचण खास लक्षात घ्यावी लागते. 'व्यापाऱ्याची प्रत' यातलं ऱ्य कीबोर्डनुसार दोन प्रकारे साठवलं जातं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण ग्रेपला ती वेगळी वाटतात. अशा वेळी वादाचं अक्षर सोडून 'व्यापा' एवढंच शोधा आणि ओळी वाचून निवडा. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल या शोधात येणारच नाहीत. वर्डच्या नव्या फाइलही नाहीत, कारण त्यांतला मजकूर दाबून बांधलेला असतो.

यादी पटली तरी थेट पुसू नका. सापडलेल्या फाइल आधी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा:

एमकेडीआयआर वगळलेल्या

ग्रेप -आर -एल -झेड -एफ 'चाचणी पावती' पावत्या | एक्सआर्ग्ज -० एमव्ही --बॅकअप=नंबर्ड -टी वगळलेल्या

ही ओळ लांब आहे, पण तिच्यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. मधल्या उभ्या रेघेमुळे ग्रेपची यादी एक्सआर्ग्ज (एक्स-ए-आर-जी-एस) या कमांडकडे जाते आणि ते ती नावं एमव्हीला, म्हणजे हलवणाऱ्या कमांडला, देतं. 'झेड' आणि 'शून्य' ही जोडी आहे. ती नसेल तर '१५ जून सकाळ' या नावाची एक फाइल तीन वेगळ्या फाइल समजली जाते. 'बॅकअप' लागतो कारण रावेरच्या आणि फैजपूरच्या दोन्ही फोल्डरमध्ये '१५ जून सकाळ' असू शकते. दोन्ही एका जागी आल्या की आधीच्या फाइलच्या नावाला क्रमांक जोडला जातो आणि कुठलीच दुसरीखाली गाडली जात नाही. मॅकवरच्या एमव्हीत 'टी' चालत नाही. विंडोजवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय, बसवलं असेल तर हे सगळं असंच चालतं.

पावत्यांचा हिशेब पुन्हा जुळवा. वजन आणि रक्कम जुळली, केंद्रातल्या माणसाने वगळलेल्या फाइल नजरेखालून घातल्या, की मगच:

आरएम -आर -आय वगळलेल्या

'आय'मुळे प्रत्येक फाइलला विचारणा होते. होकार म्हणून इंग्रजी 'वाय' दाबायचं. एक्सआर्ग्जला थेट आरएम -आय जोडलं तर ही विचारणा नीट होत नाही, कारण उत्तर तुमच्या कीबोर्डवरून घेतलंच जात नाही. हलवणं आणि पुसणं या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवण्याचं हेही एक कारण. पावत्या-प्रत हा फोल्डर हंगामाचे सगळे पैसे चुकते होईपर्यंत राहू द्या.