सोलरची टाकी धुवायची तर पहाटेच

बोअरचं पाणी असेल तर काचनळ्यांच्या सोलर वॉटर हीटरची टाकी दर सहा महिन्यांनी धुवा, आणि तेही ऊन चढण्याआधी. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून ड्रेन उघडा, गढूळ पाणी जाऊ द्या, लगेच पुन्हा भरा. उन्हात रिकाम्या तापलेल्या काचनळीत गार पाणी शिरलं की ती तडकलीच म्हणून समजा!

नळ्यांची खालची टोकंही बघा. चंदेरी असेल तर नळी ठीक. पांढरी पडली असेल तर नळीच्या दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली, म्हणजे आत हवा शिरली; तेवढीच नळी बदला. बसवताना रबरी रिंगला साबणाचं पाणी लावा, तेल नको, रबर फुगतं. टाकीवरचा हवेचा पाइप मात्र कधीही बुजवू नका, नाहीतर पाणी उतरताना टाकी आत चेपते.