इंग्लंडमधल्या बंद पडलेल्या हॉस्पिटलचा इतिहास कसा काढायचा

हॉस्पिटल बंद होऊन तिथे आता फ्लॅट झालेत, आणि नुसतं नाव गुगल केलं तर फार काही हाती लागत नाही कारण यातल्या बऱ्याच हॉस्पिटलांची नावं दोन-तीनदा बदललीत. म्हणून आधी बघा की ते चालवत कोण होतं, कागद बहुतेक चालवणाऱ्याच्याच दप्तरात सापडतात.

दोन तारखा पाठच करून टाका. १ एप्रिल १९३० ला गरिबांची वर्कहाउसं (निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या संस्था) आणि त्यांचे दवाखाने कौंटी (जिल्हा) किंवा बरो (शहर) कौन्सिलकडे गेले, आणि ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आली तेव्हा कौन्सिलची काय नि देणग्यांवर चालणारी काय, जवळपास सगळीच हॉस्पिटलं सरकारी झाली. म्हणजे १९३० च्या आधीचं हवं असेल तर पुअर लॉ युनियनच्या (वर्कहाउस चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) बैठकांची मिनिट्स, आणि १९४८ ते ७४ चं हवं असेल तर रीजनल हॉस्पिटल बोर्ड आणि त्याखालच्या मॅनेजमेंट कमिटीची. देणग्यांवाल्यांचे वार्षिक रिपोर्ट मात्र जरूर वाचा, कोणी किती पैसे दिले इथपर्यंत सगळं छापलेलं असतं!

वर्कहाउस होतं की नाही ते ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या) जुन्या नकाशावर लगेच दिसतं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर इंग्लंडचेही फुकट आहेत. कोणाचा जन्म तिथला असेल तर सर्टिफिकेट जपून वाचा, १९०४ नंतर मुलाला आयुष्यभर डाग नको म्हणून वर्कहाउस न लिहिता साधा रस्त्याचा पत्ता घालायला लागले होते.

कागद कुठे ठेवलेत ते नॅशनल आर्काइव्हजच्या डिस्कव्हरी कॅटलॉगमध्ये शोधा, बहुतेक वेळा कौंटी रेकॉर्ड ऑफिस निघतं. पेशंटची रजिस्टरं साधारण १०० वर्षं लोकांना बघायला बंद असतात, तिथे वाद घालून उपयोग नाही. जनगणनेत १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही, मग १९३९ चं रजिस्टर (युद्ध सुरू झाल्यावर केलेली लोकांची नोंदणी) बघा.

नामांकित हॉस्पिटलांचं सोपं असतं. ऑक्सफर्डचं रॅडक्लिफ इन्फर्मरी १७७० ला उघडलं, २००७ ला बंद झालं, मधे १९४१ मध्ये तिथे एका पोलिसाला पेनिसिलिन दिलं आणि ते पुरेना म्हणून त्याच्याच लघवीतून परत काढून टोचलं, तरी तो गेला. हे सगळीकडे लिहिलेलं आहे. छोट्या हॉस्पिटलचं बंद होण्याचं कारण शोधताना १९६२ चा हॉस्पिटल प्लॅन काढा, मोठी जिल्हा हॉस्पिटलं बांधायची आणि लहान बंद करायची हे त्यातच ठरलं, आणि स्थानिक पेपरात त्याविरुद्धची पत्रंही मिळतील.