करकायद्यात एलएल.एम. करताय? आधी वर्ष विचारायला शिका

एलएल.एम.ला कर हा गट घेतला की घरचे विचारतात, "म्हणजे आता तू सीए होणार का?" नाही होणार. हे त्यांना सांगाच, पण स्वतःलाही नीट सांगून ठेवा. टॅक्स ऑडिटच्या अहवालावर सही सीएच करणार, तुमच्याकडे एलएल.एम. असो नाहीतर पीएच.डी. आयकर अपिलांच्या ट्रायब्युनलपुढे सीएसुद्धा उभे राहतात आणि पुष्कळदा वकिलांपेक्षा छान बोलतात. तुमचं मैदान त्याच्या पुढचं आहे. हायकोर्टातली अपिलं, लेखी कायदेशीर मतं, करारांची भाषा, शिकवणं. रिटर्न भरून दुकान चालवायचं असेल तर त्यासाठी दोन वर्षं ग्रंथालयात घालवायची गरज नाही. सरळ एखाद्या कर सल्लागाराकडे बसा.

इतकं वाचूनही करायचंच असेल तर पुढे वाचा. उत्पन्नाची पाच शीर्षकं, रहिवासी कोण, वजावटी कुठल्या, हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. ते कुठल्याही पुस्तकात मिळतं. मला लिहायचंय ते कोणीच वेगळं शिकवत नाही अशा एका गोष्टीबद्दल, कारण मी तिच्यातच अडकले होते आणि माझ्या मागच्या बॅचची मुलं आजही तिथेच अडकताना बघते आहे. ती गोष्ट म्हणजे समोरच्या प्रश्नाला नेमक्या कुठल्या वर्षाचा कायदा लावायचा.

सोपं वाटतं ना? बघा. २०२४ मध्ये नव्या करप्रणालीतली पगारदारांची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) ५० हजारांवरून ७५ हजार झाली. बदल केला वित्त (क्रमांक २) अधिनियम, २०२४ ने. (तो 'क्रमांक २' विसरू नका. निवडणुकीमुळे त्या वर्षी दोन वित्त अधिनियम आले. उत्तरपत्रिकेत नुसतं 'वित्त अधिनियम, २०२४' लिहिलंत की चोख परीक्षक तिथेच लाल गोल करतो.) त्या दुरुस्तीपुढे लिहिलंय, अंमल १ एप्रिल २०२५ पासून. आता सांगा, एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या काळातल्या पगारावर वजावट किती?

वर्गातली निम्मी मुलं ५० हजार म्हणतात. तर्क सरळ असतो. कायदा १ एप्रिल २०२५ पासून लागू, पगार त्याच्या आधीचा, म्हणून जुनी वजावट. आणि उत्तर चूक. बरोबर उत्तर ७५ हजार.

कारण १९६१ च्या आयकर कायद्यात (म्हणजे जुन्या. नव्याचं पुढे येतंच) कमाईचं वर्ष वेगळं आणि आकारणीचं वर्ष वेगळं. २०२४-२५ मध्ये कमावलेल्या पैशांवर आकारणी होते ती असेसमेंट इयर २०२५-२६ मध्ये. आणि कर लावायचा तो असेसमेंट इयरच्या १ एप्रिलला जो कायदा अस्तित्वात असेल त्याप्रमाणे. सर्वोच्च न्यायालयाने इस्थमियन स्टीमशिप लाइन्सच्या प्रकरणात १९५१ सालीच म्हटलं की लागू होतो तो असेसमेंट इयरमधला कायदा. पुढे १९६६ मध्ये करिमथरूवी टी इस्टेटच्या निकालाने त्याची दुसरी बाजू पक्की केली. १ एप्रिल उलटून गेल्यावर, वर्षाच्या मध्येच आलेली दुरुस्ती त्या असेसमेंट इयरला लागत नाही, कायद्याने तसं स्पष्ट म्हटलं नसेल तर. हे दोन निकाल मूळातून वाचा. लांबलचक नाहीत. गाइडमधल्या दोन ओळींवर भागवू नका.

म्हणजे जुन्या कायद्यात '१ एप्रिल अमुक पासून' असं दिसलं की मनातल्या मनात एक वर्ष मागे जायचं. कमाई आदल्या वर्षाची. हे अंगवळणी पडेपर्यंत सराव करा. माझ्या अंगवळणी पडायला फार उशीर झाला आणि त्याची किंमत एका पेपरात मोजली, पण ते असो.

आता गंमत अशी की एवढं जमलं म्हणून खूश होऊ नका, कारण हा नियम कर आकारण्यापुरता आहे. दंड लावायचा असेल तर गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवसाचा कायदा बघायचा. म्हणजे खोटं रिटर्न ज्या दिवशी दाखल केलं तो दिवस. ब्रिजमोहन प्रकरण, १९७९. आणि कार्यपद्धतीच्या कलमांचं, नोटीस कशी काढायची, कोणी काढायची वगैरेचं, तिसरंच गणित. तिथे सर्वसाधारणपणे ते काम ज्या दिवशी होतं त्या दिवशीची पद्धत. एकाच माणसाच्या एकाच फाइलवर, कराला एक कायदा, दंडाला दुसरा, नोटिशीला तिसरा, असं होऊ शकतं आणि होतं. परीक्षेत केस स्टडी येते ती बरोबर या सांध्यावर.

शिवाय अपवाद आहेतच. २३ जुलै २०२४ ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर त्या दिवसापासून साडेबारा टक्के झाला आणि इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं, गेलं. वर्षाच्या मधली तारीख, तरी लागू, कारण कायद्यानेच विक्रीची तारीख बघा असं सांगितलं. मी जो प्रश्न सगळ्यांना घालते तो असा. बहीण-भावाच्या नावावर पुण्यात २००५ साली घेतलेला बिगरशेती प्लॉट. बहीण कोथरूडला, भाऊ न्यू जर्सीला, तिथलाच रहिवासी झालेला. ऑगस्ट २०२४ मध्ये दोघांनी मिळून विकला. कर किती? बहीण निवासी व्यक्ती, आणि जमीन २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली, म्हणून तिला साडेबारा टक्के बिगर-इंडेक्सेशन आणि जुने वीस टक्के इंडेक्सेशनसह यांतलं जे कमी पडेल ते. भावाला तो पर्याय नाही. एकच प्लॉट, एकच खरेदीखत, एकाच दिवशी एकाच रजिस्ट्रारपुढे सह्या, आणि हिशेब दोन. कलम ११२ चं परंतुक, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेला अपवाद, शेवटपर्यंत वाचलं तरच हे दिसतं. परंतुकं वाचायचा कंटाळा येत असेल तर हा गट तुमच्यासाठी नाही, रागवू नका.

घाबरलात? घाबरण्यासारखं खरंच काही नाही. याला एक साधन आहे आणि ते फुकट आहे. दरवर्षी बजेटच्या दिवशी वित्त विधेयकाबरोबर स्पष्टीकरणाचं एक मेमोरँडम निघतं. प्रत्येक दुरुस्तीच्या परिच्छेदाच्या शेवटी त्यात लिहिलेलं असतं की ही दुरुस्ती अमुक तारखेपासून अंमलात येईल आणि त्यानुसार अमुक असेसमेंट इयर व पुढच्या वर्षांना लागू होईल. ही एक ओळ वाचायची सवय लागली की अर्धी लढाई संपली. अर्थमंत्र्यांचं भाषण घरी सगळ्यांबरोबर टीव्हीवर ऐका, अभ्यास मात्र मेमोरँडमवरून करा. नामवंत वकील नानी पालखीवालांची मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरची बजेट भाषणं आठवणारे ज्येष्ठ वकील अजून भेटतात. ते ऐकायला छान वाटतं, परीक्षेला उपयोग शून्य.

आता तुमच्या बॅचचं दुखणं, जे आम्हाला नव्हतं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू. ५३६ कलमं, १६ अनुसूच्या, आणि असेसमेंट इयर हा प्रकारच गेला. आता एकच 'टॅक्स इयर'. ज्या वर्षी कमाई, तेच वर्ष. ऐकायला किती सुटसुटीत. पण जरा थांबा.

वित्त अधिनियम, २०२५ ने नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण सूट मिळेल अशी कलम ८७ए मध्ये दुरुस्ती केली, अंमल १ एप्रिल २०२६. ही दुरुस्ती जुन्या कायद्यातली, म्हणून एक वर्ष मागे जा. लागू कोणाला? २०२५-२६ च्या कमाईला. आता नव्या कायद्याचा अंमलही १ एप्रिल २०२६. तो लागू कोणाला? २०२६-२७ च्या कमाईला. तारीख तीच, अर्थ दोन! जुन्या नोट्सवरून एक वर्ष मागे जायचं घोटलेलं मूल नव्या कायद्यातही एक वर्ष मागे जातं आणि सगळं उत्तर घसरतं. उलट ज्याने फक्त नवा कायदा वाचलाय, त्याचं जुन्यात घसरतं.

त्याहून वाईट म्हणजे 'असेसमेंट इयर २०२६-२७' आणि 'टॅक्स इयर २०२६-२७' हे दोन्ही शब्द काही काळ शेजारी शेजारी वावरणार. आकडा एकच, कमाई वेगवेगळ्या वर्षांची. जुलै २०२६ मध्ये तुम्ही ऑफिसात बसलात तर एका अशिलाचं रिटर्न जुन्या कायद्याखाली भरताय आणि त्याच अशिलाचा आगाऊ कर नव्या कायद्याखाली, असं दृश्य असणार. जुन्या वर्षांची प्रकरणं तर अपिलात वर्षानुवर्षं चालतील. नव्या कायद्याचं शेवटचं कलम, ५३६, म्हणजे निरसन आणि व्यावृत्ती: जुना कायदा रद्द, पण त्यातलं काय चालू राहील ते. सगळे ते शेवटी म्हणून सोडून देतात. तुम्ही ते पहिलं वाचा.

म्हणून प्रश्न हातात आला की कलम शोधण्याआधी उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहा. कमाई कुठल्या वर्षाची, त्यावरून कायदा कुठला, आणि प्रश्न कराचा आहे, दंडाचा की पद्धतीचा. मग खुशाल कलम शोधा.

इथे मला तक्त्यांबद्दल बोलायचंच आहे. जुनं कलम, नवं कलम असे रंगीत तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतायत. ८०सी (गुंतवणुकीच्या वजावटी) चं १२३, ११५बीएसी (नवी करप्रणाली) चं २०२, पगारावरच्या टीडीएसचं १९२ होतं ते आता ३९२. पाठ करा, हरकत नाही, पण तो अभ्यास नव्हे. जुन्या कलमांतली परंतुकं आणि स्पष्टीकरणं नव्या कायद्यात पोटकलमांत, कोष्टकांत, अनुसूच्यांत विखुरली आहेत. कलम १० मधल्या कितीतरी सवलती आता अनुसूच्यांमध्ये जाऊन बसल्या आहेत. तक्ता तुम्हाला दार दाखवतो, खोलीतलं सामान कुठे हलवलं ते नाही सांगत.

निकाल वाचताना हाच प्रश्न विचारा, की हा निकाल कुठल्या कायद्यावर दिलाय. श्रीनिवास शेट्टी, १९८१. स्वतः कमावलेल्या गुडविलची (धंद्याच्या नावलौकिकाची) खरेदी किंमत काढता येत नाही, म्हणून भांडवली नफाच नाही. उत्तरपत्रिकेत आजही मुलं हे आजचं उत्तर म्हणून लिहितात. पण १ एप्रिल १९८८ पासून कलम ५५ बदललं, अशा गुडविलची खरेदी किंमत शून्य धरायची असं आलं. म्हणजे गुडविलपुरता तो निकाल मागे पडला. पण आकारणीचं कलम आणि हिशेबाची कलमं मिळून एकच सलग व्यवस्था आहे हे त्यातलं तत्त्व शिल्लक आहे, आणि ते अजून दणकून वापरलं जातं. दोन्ही एकाच उत्तरात लिहिलंत तर गुण कोणी कापत नाही.

व्होडाफोन तर याचा कळसच. परदेशातल्या कंपनीचे शेअर परदेशातच विकले, पण त्यातून भारतातला धंदा हातबदल झाला, तर भारतात कर लागतो का, हा तिथला प्रश्न. मुंबई हायकोर्ट २०१० मध्ये विभागाच्या बाजूने. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालय कंपनीच्या बाजूने. त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने कायदाच १९६२ पासून मागे जाऊन बदलला. मग २०२१ मध्ये, २८ मे २०१२ पूर्वीच्या व्यवहारांपुरता तो मागचा भार सरकारने काढून टाकला. 'व्होडाफोनमध्ये कर लागतो का?' असं कोणी विचारलं तर पहिला उलट प्रश्न, कुठल्या तारखेला विचारताय?

जीएसटीचं थोडक्यात. १ जुलै २०१७ नंतरचा सगळा भाग तुम्हाला आवडेल, कारण तिथे असेसमेंट इयरची भानगड नाही. पण दर बदलला की केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १४ उघडायचं. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा हे कलम पुन्हा सगळ्यांना आठवलं. सेवांच्या बाबतीत ढोबळमानाने सेवा दिली कधी, बिल केलं कधी, पैसे आले कधी, या तीनपैकी दोन गोष्टी ज्या बाजूला पडतील तो दर. घटनेच्या पेपरात अनुच्छेद २६५, २४६ए, २७९ए आणि जीएसटी परिषदेच्या शिफारशींबद्दलचा मोहित मिनरल्स हा २०२२ चा निकाल व्यवस्थित करा, बाकी निभावतं.

मार्गदर्शकाबद्दल. 'प्रॅक्टिसमध्ये हे काही लागत नाही' असं म्हणणाऱ्या सिनिअरपासून लांब राहा. त्यांना लागत नाही, कारण त्यांच्याकडे ते बघायला कोणीतरी ज्युनिअर असतो. माझ्या मते चांगला गुरू तो, जो तुमच्या प्रत्येक उत्तरावर 'कलम वाच' एवढंच म्हणतो. फार चिडचिड होते, पण असाच शोधा. नाहीच मिळाला तर ट्रायब्युनलमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसा. मुंबई, पुणे, नागपूर, पणजी इथे खंडपीठं आहेत आणि सुनावणी खुली असते. काळा कोट नसला तरी कोणी हाकलत नाही. बोर्डवर (त्या दिवशीच्या सुनावण्यांच्या यादीत) एका अशिलाची तीन-तीन वर्षांची अपिलं एकदम लागतात आणि खंडपीठ प्रत्येक वर्षाचा मुद्दा वेगळा कसा करतं ते बघण्यासारखं असतं. आदेश नंतर संकेतस्थळावर फुकट वाचता येतो.

प्रबंधाचा विषय मात्र कृपा करून 'जीएसटी: समस्या व उपाय' घेऊ नका. त्यावर सगळं लिहून झालंय. एक कलम घ्या, जमल्यास एकच परंतुक. कलम ५३६ खाली जुन्या कायद्यातल्या कुठल्या गोष्टी नव्यात येतात आणि कुठल्या लटकतात, एवढ्यावरच एक चांगला प्रबंध होईल, आणि तुमच्या आधी फार कोणी लिहिलेलं नसेल. शक्यतो जानेवारीच्या आत मसुदा पुरा करू नका, कारण १ फेब्रुवारीला बजेट येतं आणि तुमचं तिसरं प्रकरण जुनं होतं. मुखपृष्ठानंतरच्या पानावर 'कायद्याची स्थिती अमुक तारखेपर्यंतची' अशी एक ओळ टाका. मौखिकीला बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न बहुतेक तिच्यावरच विचारतात.